सोमलाच्या नावेत किती जीव

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, माझं काही म्हणणं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, आता खोटं बोलून कोणाकडून काय मिळवायचंय?

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, पिंपळ नाही. झालं ते भर दुपारी झालं. काठावर माणसं उभी असताना झालं.

साल एकोणीसशे सत्तावीस. पोळा फुटला त्याच्या सातव्या दिवशी.

जागा पैनगंगेच्या काठची. रिसोडच्या अंगाचं गाव आहे. नाव सांगत नाही, आमची माणसं अजून तिथं नांदतात. नदीच्या अल्याड आमचा वऱ्हाड आणि पल्याड तेव्हा निजामाची मोगलाई होती. आमच्या गावापाशी नदी उत्तरेला वळते, म्हणून पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तिथं नदीला आडवा लागतो. अल्याडून पल्याड, सरळ.

हा वारा ध्यानात ठेवा.

ज्याच्यावर हे गुदरलं तो इंद्रभान. आमच्याच घरातला माणूस. नातं शेवटी सांगतो. ज्वारी-कापूस पिकवणारा, तोंडानं थोडा फटकळ, पण पोरीवर जीव टाकणारा. एकच पोरगी, कस्तुरा. ती पल्याडच्या गावात दिली होती. बायको, प्रयागबाई, लग्नात रडली तेव्हा इंद्रभान तिला म्हणाला होता, "रडतं कायले? हाक मारली तं ऐकू येते इतकी जवळ दिली."

त्या साली पल्याड पटकी आली.

पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी तिरडीवर. कचेरीचा हुकूम आला, पल्याडून कोणालाही आणायचं नाही. घाटावरची मोठी नाव साखळदंडानं बांधून टाकली. नावाडी पांगले.

आणि पोळ्यानंतरच्या सहाव्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, पल्याडच्या काठावरून एका गुराख्यानं हाक दिली...

"इंद्रभानले सांगा. कस्तुराच्या घरी कोनी राह्यलं नाई. ते अन् लेकरू, दोघंच."

इंद्रभान धावत घाटावर आला. नदी लाल होऊन वाहत होती. पल्याड, बाभळीखाली, हिरवं लुगडं दिसलं. कस्तुराच होती. कडेवर तीन महिन्यांचं लेकरू. तिनं हात वर केला. नवरा गेला, सासू गेली, गाव रानात पळालं आणि ही बापाच्या गावासमोर येऊन उभी राहिली. मधे फक्त पाणी.

पण कसलं पाणी. म्हैस गेली तर चार कोसांवर निघेल असं.

इंद्रभान घाटावर वर-खाली फिरला. मग त्याला सोमलाची नाव आठवली.

सोमला नावाडी. त्याच्या बापानं गोदावरीवरून एक लहान शिडाची नाव आणली होती. बांबू तळाला लागेनासा झाला की सोमला शीड चढवायचा आणि आडव्या वाऱ्यावर पल्याड जायचा. दोन-तीन माणसांची नाव, त्याहून जास्त नाही. गाव हसायचं, पैनगंगेत शीड कशाला. ती नाव तीन वर्षांपासून त्याच्या गोठ्यात पालथी पडली होती.

आणि सोमला? सोमला पटकीनंच गेला होता, त्याचा आज सातवा दिवस होता.

इंद्रभान त्याच्या घरी गेला. सोमलाची बायको, गोमतीबाई, दारात बसली होती. इंद्रभाननं सांगितलं तसं तिनं ऐकून घेतलं.

"न्या भाऊ," ती म्हणाली. "मी नाई म्हनत नाई. पन त्याचा दहावा झाला नाई अजून. दहाव्याआधी मेलेल्या मानसाची चीज हलवू नये म्हन्तेत."

"गोमतीबाई, तीन दिवस ती तिथं जगन का?"

गोमतीबाई उठली. पदरानं डोळे टिपले आणि गोठ्याची कडी काढून दिली.

नाव बाहेर काढली आणि तिची दशा दिसली. फळ्या सुकून दोन-दोन बोटं फटी पडलेल्या. बुडाला डोकं जाईल एवढं भोक. डोलकाठीला उभी चीर. शीड उंदरांनी खाऊन त्याच्या चिंध्या केलेल्या.

गावात एकच माणूस मदतीला आला. इस्माईल. केनवडच्या बाजारात बसून कंदील, गाळणी, डबे विकणारा, पत्र्याचं काम करणारा. नाव त्यानंही जन्मात दुरुस्त केली नव्हती. पण तो नावेभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "इंद्रभानभाऊ, हे बी भांडंच हाय. भांड्यात पानी आत राह्यते, हिच्यात बाहेर राह्यलं पायजे. करू."

मग दोघांनी जिवाचं रान केलं.

विकत आणायला वेळ नव्हता आणि मिळणार तरी कुठं? घरात होतं ते वापरलं. कापूस जवसाच्या तेलात आणि राळेत उकळला, वखराच्या पासेनं, त्या लोखंडी पात्यानं, फटींत ठोकून बसवला. घासलेटचे दोन डबे कापून सपाट केले, खाली तेलकट कापसाची गादी दिली आणि बुडाच्या भोकावर ठिगळ मारलं. खिळे बैलांच्या नालांचे. डोलकाठीच्या चिरेला बाभळीच्या कांबी लावून ओल्या कातड्याची वादी आवळली, सुकली की ती आणखी आवळते. शीड वर ओढायला मोटेचं चाक आणि मोटेचाच नाडा. सुकाणू म्हणून वखराच्या दांडीला दाराची फळी.

शीड प्रयागबाईनं शिवलं. गोणपाट, नवऱ्याचं धोतर, स्वतःची दोन लुगडी. दाभणानं शिवता शिवता बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही. गोणपाटातून वारा निघून जाईल म्हणून तिनं चिंचोके भरडून खळ शिजवली आणि दोन्ही अंगांनी फासली. घोंगडीला फासतात तशी.

मधूनमधून ती घाटावर जाऊन पाहून यायची. "हाय," म्हणायची. "बसली हाय बाभळीखाली. लेकराले पाजून राह्यली."

दिवस कलला तेव्हा काम आवरलं. इंद्रभान लगेच निघाला. इस्माईलनं त्याचा हात धरला.

"आता नाई. बैलबंडीचं चाक आपन डोहात भिजवतो का नाई? मंग लोखंडी धाव घट्ट बसते. लाकूड फुगू द्या. आज रातभर काठाच्या पान्यात दगडं भरून बुडवू. सुकी नेली तं मधीच उघडन."

इंद्रभान पल्याड पाहत राहिला. हिरवा ठिपका हलत होता. त्याला वाटत होतं, आत्ता जावं. पण इस्माईलचं बोलणं खरं होतं, बंडी हाकणाऱ्याला ते पटलं.

एक रात्र. एकच रात्र तो थांबला.

सकाळी नाव वर काढली. फळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. पाणी उपसून, वर ओढून, ठिगळाला पुन्हा राळ लावली. तोवर दुपार झाली. आभाळ भरलेलं, पाऊस नाही. वारा पश्चिमेचा, चांगला लागलेला.

प्रयागबाई घाटावरून आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अजी... सकाळपासून ते उठलीच नाई. आडवी पडून हाय."

इंद्रभान नावेकडं वळला. वल्हं, पाणी उपसायचा डबा, एकेक नावेत टाकू लागला.

पाणी किती खोल ते कळायला दोरी हवी होती, दोरीला वजन हवं होतं. इस्माईलनं नावेच्या पुढच्या फळीखाली हात घातला. तिथं खोबणीत घट्ट बसवलेला, फडक्यात गुंडाळलेला, मुठीएवढा, गुळगुळीत गोटा होता.

"पाहा, सोमलानं करूनच ठेवलेलं हाय," तो म्हणाला आणि त्यानं तो फडक्यासकट दोरीला बांधून दिला.

इस्माईल सोबत यायला निघाला होता. इंद्रभाननं नको म्हटलं. येताना तिघं होणार होते आणि नाव तिघांचीच होती.

तो नावेत बसला. सुकाणू धरलं. तेवढ्यात मागून आवाज आला...

"किती जीव?"

इंद्रभाननं मागं न पाहता उत्तर दिलं, "एक."

नाव सुटली.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. हे विचारायची सवय सोमलाची होती. त्याच्या बापाची नाव एकदा जास्त माणसं भरून बुडाली होती. तेव्हापासून सोमला मोजल्याशिवाय नाव सोडायचा नाही. एकटा माणूस बसला तरी विचारायचा, किती जीव? बसणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं. तान्हं लेकरूही मोजायचं. कोंबडी-बकरी नाही, माणसाचे जीव. आकडा चुकला की सोमला पुन्हा विचारायचा, खरा येईपर्यंत.

इंद्रभाननं वळून पाहिलं.

इस्माईल आणि प्रयागबाई पार वर, घाटाच्या चढावर उभे होते. नावेपाशी कोणी नव्हतं. नावेला ढकललं कोणी?

 पण शिडात वारा भरला होता आणि खळ लावलेलं गोणपाट ताडताड वाजत होतं. आता मागं कसं फिरणार?

मधोमध आल्यावर त्यानं दोरी सोडली. एक वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी दोरी... दोन वाव... तीन... तळ लागला नाही. त्यानं दोरी वर ओढली. पाण्याच्या ओढीनं फडकं निघून गेलं होतं, गोटा उघडा झाला होता.

गोट्याला दर्भ बांधलेला होता. दर्भाच्या गाठीत काळे तीळ अडकले होते.

तो जीवखडा होता.

सरणापाशी ज्यानं मडकं फोडतात तो खडा. दहा दिवस मेलेल्याचा जीव त्यात असतो म्हणतात. दहाव्याला पिंडाजवळ ठेवून मग नदीत सोडतात. इंद्रभाननं स्वतःच्या बापाचा खडा असाच दहा दिवस सांभाळला होता. गोमतीबाईनं सोमलाचा खडा घरात न ठेवता त्याच्या नावेत ठेवला होता आणि दुःखात सांगायचं राहून गेलं होतं. इस्माईलला बिचाऱ्याला काय ठाऊक.

आठव्या दिवशी सोमलाचा जीव दोरीला बांधून आपण नदीत सोडला.

इंद्रभाननं गोटा मुठीत धरला. फेकून द्यावा? दहाव्याआधी कसा फेकणार? त्यानं तो गोटा धोतराच्या सोग्यात बांधला आणि बोलला, मोठ्यानं बोलला.

"सोमला, चुकलो मी. मले जे करायचं ते कर. पन पोरीले आनू दे."

 शीड वाजत राहिलं. ठिगळाच्या कडेनं पाणी झिरपू लागलं होतं.

पल्याड काठ लागला. बाभळीखाली कस्तुरा उभी होती.

उभी होती. इंद्रभानचा जीव भांड्यात पडला. तो उडी मारून तिच्याकडं धावला.

"शिवू नोका, बा," ती म्हणाली. आवाज बारीक, खोल गेलेला. तोंडावरून पदर ओढलेला. "पटकीच्या घरातली हावो मी. तुमाले लागन."

"लागू दे मले."

"नोका, बा. माय वाट पाहून राह्यली."

तो थांबला. ती त्याच्या बाजूनं चालत गेली आणि नावेत पुढच्या टोकाला, त्याच्याकडं पाठ करून बसली. लेकरू पदराखाली.

"लेकरू कसं हाय?"

"निजलं."

तो सुकाणूपाशी बसला. आता वारा तोंडावर होता, शीड कामाचं नव्हतं. त्यानं ते सैल सोडलं आणि वल्हं घेतलं.

आणि अगदी कानाशी...

"किती जीव?"

यावेळी त्यानं आवाज ओळखला. विडी ओढून घोगरा झालेला, सोमलाचाच.

"तीन," इंद्रभान म्हणाला. "तीन जीव."

त्यानं वल्हं मारलं. नाव हलली नाही.

दोर काठाला बांधलेला नव्हता. खाली गाळ नव्हता. पाणी दोन्ही अंगांनी खळाळत जात होतं आणि नाव जागच्या जागी होती.

"किती जीव?"

"तीन, सोमला. तीन हावोत. मी, माही पोरगी, तिचं लेकरू. सोड बाबा."

नाव हलली नाही. ठिगळाचा एक खिळा उडाला. पाणी आत येऊ लागलं. इंद्रभाननं डबा घेतला आणि उपसू लागला. उपसावं त्याच्या दुप्पट येत होतं. घोट्याला लागलं, पोटरीला लागलं.

"किती जीव?"

"तीन रे," तो रडायला लागला. "काहून बुडवून राह्यला आमाले? तीन."

मग पुढून, मान न वळवता, कस्तुरा हळू बोलली.

"दोन म्हना, बा."

इंद्रभानचा हात डब्यासकट थांबला.

लेकरू. आल्यापासून ते रडलं नव्हतं. हललं नव्हतं. निजलं म्हणाली होती ती. कोणती आई आपल्या तोंडानं सांगेल?

त्याचं काळीज फाटलं. त्या लेकराचा जन्म त्याच्याच घरात झाला होता, न्हाऊमाखू घालून महिन्यापूर्वीच त्यानं दोघींना पल्याड पोचवलं होतं. पण पाणी गुडघ्याकडं चढत होतं आणि पोरगी समोर होती. निदान पोरगी तरी.

"दोन," इंद्रभान म्हणाला. "दोन जीव."

शीड भरलं.

वारा समोरून होता. त्याच्या तोंडावर लागत होता, डोळ्यांत पाणी आणत होता. आणि शीड उलट्या अंगानं भरलं होतं, टच्च. नाव काठावरून निघाली.

वल्हं त्याच्या मांडीवर पडून होतं. सुकाणूची दांडी आपोआप डावी-उजवी होत होती. तो नुसता उपसत होता आणि रडत होता. पोरीकडं त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मेलेलं लेकरू पाहावं लागलं असतं. तो तिच्याशी बोललाही नाही. घरी पोचू, मग प्रयाग पाहील, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मधोमध आल्यावर त्याला एक आवाज येऊ लागला...

चुक्... चुक्... चुक्...

ठिगळातून पाणी येतंय, त्याला वाटलं. त्यानं ठिगळावर पाय दाबून धरला. आवाज थांबला नाही.

अल्याडचा काठ लागला. प्रयागबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरली. तिनं कस्तुराच्या पदराखाली हात घातला, लेकरू उचललं...

आणि लेकरू रडलं. कडकडून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं रडलं.

लेकरू जिवंत होतं. गरम होतं. पोट भरलेलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं.

इंद्रभान हसला. वेड्यासारखा हसला.

"अवं कस्तुरे," तो म्हणाला, "चुकली ना माय तू. तीनच हावोत आपन. तीन."

कस्तुरा वळली नाही.

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा होता. हाताच्या धक्क्यानं ती तशीच्या तशी, मांडी घातलेली, कडेला कलंडली.

पुढचं सांगायला मला जड जातं.

गोमतीबाई घाटावर आली होती. आजवर तिनं बरीच मढी पाहिली होती. तिनं कस्तुराची बोटं उघडून पाहिली, ती उघडली नाहीत. "हे आताची नाई, भाऊ," ती म्हणाली. "रातीच गेली हे."

इस्माईलला ते पटलं नाही. "पटकीचं मानूस जितंपनीच गार पडते," तो म्हणाला. "हातपाय जितंपनीच आखडतात. अन् लेकरू कोनी पाजलं मंग?"

 इस्माईलनं आणखी एकच विचारलं, तेही दोन दिवसांनी, एकटं गाठून. "भाऊ, येताना सुकानावर कोन होतं? तुमी तं पुढं वाकून पानी उपसून राह्यले होते."

इंद्रभाननं त्याला सांगितलं नाही. त्याच दिवशी सोमलाचा दहावा होता. जीवखडा त्यानं गोमतीबाईच्या हातात दिला होता, तिनं पिंडाजवळ ठेवला आणि नदीत सोडला. कावळाही लगेच शिवला. नाव इंद्रभान आणि इस्माईलनं फोडून टाकली.

त्या तीन महिन्यांच्या लेकराचं नाव रंगू. आजा-आजीनं वाढवली. ती माझी आई.

हे सगळं तिला इंद्रभाननं सांगितलं, मरायच्या आधल्या महिन्यात. पंचवीस वर्षं त्यानं कोणापुढं तोंड उघडलं नव्हतं. सोमलाची भीती त्याला कधी वाटली नाही म्हणाला, सोमलानं आपलं काम केलं. रात्रभर नाव भिजत ठेवली याचंही त्यानं कसंबसं मनाशी मिटवलं होतं. त्याला झोपू देत नव्हतं ते वेगळंच.

तो आईला म्हणाला, "रंगू, गोमतीबाई म्हने ते रातीच गेली होती. मंग ठीक हाय, मी खरं तेच बोललो. पन इस्माईल म्हने ते जिती होती. तुले पाजून राह्यली होती. मंग पाह्य माय... ते मेली म्हनून मी दोन म्हनलो, का मी दोन म्हनलो म्हनून ते मेली?"

आईनं मला हे सांगितलं तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुले काय वाटते रे?"

 त्या दुपारी तो 'दोन' म्हणाला नसता तर ती नाव तिथंच बुडाली असती आणि हे सांगायला मी नसतो.

आई जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.